डांबर सोडल्यावर

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘माझा सायकलप्रवास’. मी तो जरासा बदलून घेते. माझ्यापेक्षा किरगिझस्तानातल्या रस्त्यांबद्दल बोलते. कारण गटावर फोटो टाकल्यापासून आपल्यातल्या सात-आठ जणांनी ‘पुढच्या वर्षी आम्हीही’ असं लिहिलंय, आणि त्यातल्या निम्म्यांच्या खिशात आत्ता रक्तदाबाची गोळी आहे हे मला माहीत आहे. तेव्हा आधी सगळं ऐका, मग टाळ्या वाजवा.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सुरुवात नकाशापासून. बाई, तुम्ही आम्हाला तिएन शान पर्वत दाखवलात तेव्हा हा देश नकाशावर वेगळा नव्हता. सोव्हिएत संघाच्या त्या मोठ्या रंगीत पट्ट्यात तो कुठेतरी खालच्या कोपऱ्यात होता. १९९१ साली तो स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश. लोकसंख्या मात्र सत्तर लाखांच्या आसपास. नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, आणि त्यांचं इस्सिक-कुल नावाचं सरोवर १६०७ मीटरवर. आपण जिथे शिखरावर पोचून फोटो काढतो, तिथे त्यांच्याकडे किनाऱ्यावर पोरं पोहत असतात.

आता थोडं घरचं. ताईचा मुलगा तिथे एमबीबीएस करतो. आपल्याकडची हजारो मुलं तिथे शिकतात, या सभागृहातही दोन-तीन पालक असतील. माझं आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं जुलैत जायचं वर्षभर आधी ठरलेलं होतं. (ती दुसऱ्या रांगेत बसली आहे, नाव घेतलं तर रागावेल.) विमानाची तिकिटं झाली होती, व्हिसा ऑनलाइन मिळतो तोही आला होता. आणि १७ मेच्या रात्री बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. आधीच्या एका मारामारीची चित्रफीत पसरली आणि त्यातून ते पेटलं. भारतीय विद्यार्थ्यांना बाहेर पडू नका अशी सूचना आपल्या दूतावासाने दिली. भाचा खोलीत दिवे मालवून, दाराला पलंग लावून बसला होता. ताईचा फोन रात्री दीड वाजता आला.

पुढचे काही दिवस आमच्या घरात काय चाललं असेल ते तुम्ही समजू शकता. ‘पोराला आणायचं की ठेवायचं’ हा एक प्रश्न, आणि ‘तू आता या वयात कुठे निघालीस’ हा दुसरा. वातावरण निवळलं, वर्ग काही काळ ऑनलाइन झाले. जूनच्या शेवटी ताईने मला एकच काम सांगितलं: “तू जातेच आहेस तर तो देश कसा आहे ते डोळ्यांनी बघून ये. मग त्याचं ठरवू.” माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनी तिला विचारलं, की परक्या मुलखात, कच्च्या रस्त्यांवर, वस्ती नसलेल्या डोंगरांत तुम्ही दोघी काय करणार? त्यापेक्षा हमरस्त्याने तरी जा. नेमका इथेच मुद्दा आहे. आपल्याला वाटतं डांबरी रस्ता म्हणजे सुरक्षित आणि कच्चा रस्ता म्हणजे धाडस. त्या देशात आमच्यासारख्यांसाठी ते बहुतेक उलटं आहे.

उदाहरण देते. बिश्केकहून दक्षिणेला ओशपर्यंत एक महामार्ग जातो, सहाशे किलोमीटरहून लांब. नकाशावर बघितला तर मोह पडावा असा. तोक्तोगुलचं धरण, सुसामिरचं खोरं, तीन हजार मीटरवरचे घाट. पण देशाचे दोन भाग जोडणारा तो मुख्य रस्ता, म्हणून सगळे ट्रक, सगळ्या टॅक्स्या त्याच्यावर. घाटमाथ्यावर तेओ-आशू नावाचा अडीच किलोमीटरचा जुना बोगदा आहे, त्यात गाड्यांचा धूर साचतो. सायकल ट्रकमध्ये टाकून तो ओलांडावा लागतो. खंबाटकीचा घाट तीन हजार मीटरवर नेऊन ठेवा आणि बाजूची पट्टी काढून टाका, म्हणजे अंदाज येईल. तिकडे सायकलवाले जातात, त्यांची छायाचित्रं सुंदर असतात. आपण जायचं नाही. पूर्वेकडे बूमची घळ आहे, तिथेही तेच. अरुंद खोरं, मालवाहतूक, आणि समोरून येणारा वारा इतका की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं असं आम्हाला सांगितलं गेलं. आम्ही ती घळ व्हॅनमध्ये बसून पार केली आणि खिडकीतून सायकलवाल्यांची तोंडं बघून आम्हाला अजिबात वाईट वाटलं नाही.

व्हॅन कोचकोर नावाच्या गावाला सोडली. हे गाव अठराशे मीटरच्या आसपास आहे. इथे दोन रात्री काढा, कितीही कंटाळा आला तरी. आम्ही सामान न घेता नुसतं आजूबाजूला हिंडलो. भाच्याने बिश्केकमध्ये भाड्याची सायकल घेतली होती आणि तो आमच्याबरोबर आला होता. चौथ्या वर्षाला होता, पण तोवर त्याने देश म्हणून वसतिगृह, कॉलेज, दवाखाना आणि बाजार एवढंच पाहिलं होतं. मेनंतर तर संध्याकाळी बाहेर पडणंच बंद. कोचकोरला पहिल्या दिवशी कुणी हाक मारली की तो मान खाली घालून पुढे जायचा. मी बघत होते, बोलले नाही.

कोचकोरच्या पुढे काही अंतर डांबर आहे. मग उजवीकडे वळलं की कच्चा रस्ता सुरू होतो आणि आवाज बंद होतो. तासाभरात दोन-तीन गाड्या, त्याही धुळीमुळे लांबून दिसणाऱ्या. दगड, खडी, आणि काही ठिकाणी पन्हळी पत्र्यासारख्या लाटा, ज्यांवर हात बधिर होतात. ताशी सात-आठ किलोमीटरच्या वर वेग जात नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्यांना चढाचं काही वाटणार नाही. फरक हवेचा आहे. काल्माक-आशू खिंड ३४४६ मीटरवर आहे. तिथे वीस पावलं सायकल ढकलायची आणि उभं राहायचं, परत वीस पावलं. हे दोन दिवसांत करायचं, एका दिवसात नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही, हा नियम गिर्यारोहक पाळतात तसाच आपणही पाळायचा. डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते आपापल्या डॉक्टरांना विचारा, मला विचारू नका. आणि आपल्या वर्गातले जे तीन डॉक्टर आहेत त्यांनी इथे फुकट सल्ला द्यायला हरकत नाही.

खिंड ओलांडली की खाली सोंग-कुल दिसतं. ३०१६ मीटरवरचं सरोवर, भोवती सपाट गवत, एकही झाड नाही. गवताळ उंच कुरणाला ते ‘जायलू’ म्हणतात. उन्हाळ्यात मेंढपाळ कुटुंबं घोडे, मेंढ्या, गाई घेऊन वर येतात, तंबू उभारतात आणि सप्टेंबरमध्ये थंडी सुरू झाली की खाली उतरतात. आपल्याकडचे धनगर पावसाळ्यानंतर वाडे घेऊन निघतात ते आठवा. त्यांच्या लोकरी तंबूला ‘बोझ-उय’ म्हणतात. त्याच्या छताच्या मध्यावरचं लाकडी कडं त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. आत पत्र्याची शेगडी, तिच्यात जळतात वाळलेल्या शेणाच्या ढेपा. त्या वासाने मला एकदम आजोळी नेलं. जुलैत रात्री पाणी गोठायच्या बेताला येतं, तेव्हा गोवरीच्या धगीची किंमत कळते.

या पाहुणचाराबद्दल एक बोलायचंच आहे. प्रवासवर्णनांत वाचायला मिळतं की अमक्या तंबूत आम्हाला फुकट जेवू घातलं, पैसे घेतलेच नाहीत, किती भोळे लोक! मला हे आवडत नाही. त्या कुटुंबाला कमाईचे तीन महिने आहेत. वर आणलेलं पीठ, साखर, चहा खालून गाडीने आणलेला असतो. राहायचं-जेवायचं काय घेणार ते आधी विचारावं, ठरेल ते द्यावं. आणि कुणी खरंच पाहुणे म्हणून चहाला बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नये. आम्ही बदाम, बेदाणे आणि मुलांसाठी रंगपेट्या नेल्या होत्या. चहा म्हणजे ‘चाय’च. पाव म्हणजे ‘नान’. दुकानाला ‘दुकोन’, मित्राला ‘दोस’, जगाला ‘दुइनो’, पुस्तकाला ‘कितेप’, हवेला ‘आबा’. फारसी-अरबीच्या वाटेने आलेले हे शब्द त्यांच्याकडेही पोचले आणि आपल्याकडेही. शाळेला ‘मेक्तेप’ म्हणतात. आम्ही चाळीस वर्षांपूर्वी एकाच मेक्तेपच्या एकाच बाकावर होतो हे भाच्याने मोडक्यातोडक्या रशियनमध्ये सांगितलं, तेव्हा तंबूतल्या आजींनी आम्हा दोघींचे हात हातात घेऊन कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. त्यांचा मुलगा आमच्या वयाचा. तो भारत म्हटल्यावर एकच नाव घेत होता, मिथुन चक्रवर्ती. ‘डिस्को डान्सर’ सोव्हिएत संघात किती चालला होता ते तुम्ही ऐकलं असेल. मी तो तीन हजार मीटरवर पुन्हा अनुभवला, अभिनयासकट.

शाकाहाऱ्यांसाठी सांगते, उपाशी मरणार नाही, पण चंगळही होणार नाही. नान, साय, जर्दाळूचा मुरांबा, काकडी-टोमॅटो, अंडी खात असाल तर अंडी. पूर्वेला काराकोल शहरात आश्लान-फू नावाचा थंड, आंबट-तिखट शेवयांचा प्रकार मिळतो, तो आम्ही तीन दिवस सलग खाल्ला. घोडीच्या आंबवलेल्या दुधाला ‘किमिझ’ म्हणतात. पहिला घोट घ्यावा, दुसऱ्याचं आपलं आपण ठरवावं. माझ्या मैत्रिणीने पूर्ण वाडगा संपवला. तिच्या सासूबाई हे वाचतील म्हणून जास्त लिहीत नाही.

सोंग-कुलला आम्ही तीन रात्री राहिलो. तिथे एक गोष्ट घडली ती सांगते, कारण ताईला मी तीच सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी गारांचा पाऊस आला. डोंगरांत दुपारनंतर असा पाऊस रोजचा. शेजारच्या तंबूतला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा घोड्यावरून पडला आणि त्याचं मनगट सुजलं. बाप घोड्यावरून आमच्याकडे आला, कारण ‘हा डॉक्टर होणार आहे’ हे एव्हाना सगळ्या कुरणाला माहीत झालं होतं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “तुला येतं तेवढं कर, येत नाही ते सांग.” त्याने पुठ्ठा आणि माझा स्कार्फ घेऊन हात बांधला, झोळी केली, बोटांचा रंग आणि हालचाल पाहिली, आणि बापाला समजावलं की हे पुरेसं नाही, खाली नेऊन एक्स-रे काढायलाच हवा. संध्याकाळी ते मुलाला गाडीत घालून खाली घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप परत आला तेव्हा हाड चिरल्याचं निदान झालं होतं, प्लास्टर घातलं होतं. त्याने भाच्याला घोड्यावर बसवलं आणि सरोवराच्या काठाने दोन तास फिरवून आणलं. परत आला तेव्हा पोराची मान वर होती.

पुढचा रस्ता मोल्दो-आशू घाटाने दक्षिणेला उतरतो. वळणांमागून वळणं, खडी सुटी, आणि हात ब्रेकवर. इथे मी तुम्हाला सांगते, चढाची भीती सोडा, उताराची बाळगा. ब्रेक पॅडचे दोन जोड जास्त ठेवा. टायर निदान दोन इंची हवेत, आपल्या रस्त्यावरच्या सडपातळ चाकांचं तिथे काम नाही. आणि गिअर इतका हलका हवा की चालण्याच्या वेगाने पायडल फिरलं पाहिजे. घाट उतरून नारिन नदीच्या खोऱ्यात आलात की एकदम उन्हाळा. वर गारा, खाली चाळीशीकडे झुकणारं ऊन, एकाच दिवसात. नारिन शहरात डांबर लागलं आणि भाचा शेअर टॅक्सीने बिश्केकला परतला. ज्यांना आणखी आठवडा असेल त्यांनी इथून दक्षिणेला ताश-रबातला जावं. पंधराव्या शतकातली दगडी सराई, रेशीममार्गावरचा मुक्काम. चीनच्या सीमेकडे जाणारा रस्ता उत्तम डांबरी आहे, ट्रक आहेत पण रुंदीही आहे. शेवटचा फाटा कच्चा. आम्ही तिथे गाडीने गेलो, एक दिवस.

आता इस्सिक-कुल. सरोवराची लांबी सुमारे १८० किलोमीटर, पाणी किंचित खारं, हिवाळ्यात गोठत नाही. दोन्ही काठांनी रस्ता आहे. उत्तर काठावर हॉटेलं, सुट्टीची गर्दी, भरधाव गाड्या. दक्षिण काठ घ्या. बोकोनबायेवोपासून काराकोलपर्यंत आम्ही चार दिवस घेतले. मध्येमध्ये रस्त्याचं काम चालू होतं, धूळ खाल्ली, पण डावीकडे निळं पाणी आणि उजवीकडे बर्फाचे डोंगर होते आणि रस्त्याकडेला जर्दाळूच्या बादल्या घेऊन बसलेल्या आज्या होत्या. ज्यांना कच्चा रस्ता नकोच आहे त्यांनी एवढंच करावं. संकोच वाटून घेऊ नका. ही सहल पूर्ण आहे.

याच काठावरून तोसोर खिंडीची वाट वर जाते, ३८९३ मीटर. गावापासून माथ्यापर्यंत सव्वादोन हजार मीटरची चढण. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरून निघून कळसूबाई चढायचं आणि वर आणखी सहाशे मीटर. तरुण सायकलवाले तिथूनच पुढच्या ओसाड पठारावर जातात. २०१८ पासून होणारी ‘सिल्क रोड माउंटन रेस’ अशाच खिंडींमधून जाते, दीड हजार किलोमीटरहून लांब, बाहेरची कसलीही मदत न घेता. आम्ही दोन दिवसांचं जेवण घेऊन निघालो. पहिली रात्र ठीक गेली. दुसऱ्या दिवशी तीन हजारांच्या वर माझ्या मैत्रिणीचं डोकं दुखायला लागलं, अकरा वाजता तिला उलटी झाली, आणि खिंडीवर काळा ढग बसला होता. आमचं निघण्यापूर्वीच ठरलं होतं: डोकेदुखी आणि उलटी एकत्र आली की खाली, चर्चा नाही. आम्ही वळलो. तिने वाटेत तीनदा “मला आता बरं वाटतंय” म्हटलं आणि मी तीनदा ऐकू न आल्यासारखं केलं. संध्याकाळी सरोवराच्या काठावर तिने दोन सामसे खाल्ले. सामसा म्हणजे आपला समोसाच, फक्त भट्टीत भाजलेला. तिचा बटाट्याचा होता.

अशा वाटांवर घाबरायचं कशाला, ते सांगून ठेवते. हिमनद्यांचे ओढे दुपारनंतर फुगतात, कारण ऊन लागून बर्फ वितळतं. ओलांडायचे तर सकाळी. मेंढपाळांचे कुत्रे अंगावर येतात. सायकलवरून उतरा, सायकल मध्ये धरा, आणि दगड उचलल्यासारखं वाका. हे तर आपल्याला लहानपणापासून येतं. पिऊन घोड्यावर बसलेला माणूस भेटलाच तर हसून नमस्कार करा आणि थांबू नका. आम्हाला अठरा दिवसांत असा एक भेटला. त्याने आमच्यासाठी गाणं म्हटलं आणि तो निघून गेला. पण पुढच्या वेळी दुसरा तसाच असेल असं मी म्हणणार नाही.

तर ताईला मी परत आल्यावर काय सांगितलं? मे महिन्याची ती रात्र खरी होती, तिला मी झाकणार नाही, आणि त्याच्या वसतिगृहाच्या दाराला अजूनही नवं कुलूप आहे. मनगट बांधलेल्या मुलाच्या बापाचं घोडं घेऊन येणंही खरं होतं. दोन्ही एकाच देशात, दोन महिन्यांच्या अंतराने. ताई बराच वेळ गप्प होती. मग तिने मला न विचारता थेट त्यालाच विचारलं. तो सप्टेंबरमध्ये परत वर्गात बसला. ऑक्टोबरमध्ये त्याचा मला फोन आला. मला वाटलं पैसे हवेत. त्याला जुन्या सायकलला कुठले ब्रेक पॅड बसतात ते विचारायचं होतं.

पंधरा मिनिटं होऊन गेली, संयोजक घड्याळ दाखवत आहेत. बाहेर चहाच्या टेबलाशी मोठा नकाशा लावलाय. त्यावर कोचकोर ते नारिन ही वाट मी लाल पेन्सिलीने काढली आहे, दक्षिण काठ निळ्याने. ज्यांना यायचंय त्यांनी नाव लिहावं आणि पुढे ‘लाल’ की ‘निळा’ तेही. जायचं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी दर रविवारी सामानासकट यवतेश्वर. पहिला रविवार हाच, सकाळी सहा, पोवई नाका. सायकलवर दहा किलो वजन हवं. तंबू नसला तर तांदळाची पिशवी बांधून या.